गॅप सर्टिफिकेट

फॉर्मनं दहावीचे मार्क विचारले. १९९९ सालचे. मार्कशीट कुठे आहे ते मला आठवेना. आईला मात्र फोनवरसुद्धा तोंडपाठ: "कपाटात वरचा कप्पा, तुझ्या लग्नाच्या अल्बमखाली निळी फाइल." अल्बमखाली फाइल होती, फायलीत मार्कशीट होती आणि मार्कशीटचा एक कोपरा झुरळानं खाल्लेला होता. तशीच स्कॅन करून चढवली. मग बारावी. मग बीएस्सी, २००४. आणि त्यानंतर फॉर्मनं काही विचारलंच नाही. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबलं की थेट फोटो आणि सही.

मी दोनदा मागे जाऊन बघितलं. कुठे 'इतर पात्रता' असा एखादा रकाना सुटला असेल म्हणून. नव्हता. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची पाच, दोनशे अकरा पानांचा प्रबंध, त्यातल्या तिसऱ्या प्रकरणासाठी रात्री साडेअकराची शेवटची बस पकडलेले महिनेच्या महिने, यातलं काहीही तीन वर्षांच्या एलएलबीच्या प्रवेशाला लागत नाही. खुल्या प्रवर्गात पदवीला ४५ टक्के असले की सीईटीला बसता येतं. पुढचं सगळं सीईटीच्या मार्कांवर. माझ्या शेजारी बसून एखाद्या मुलानं बीकॉम सेहेचाळीस टक्क्यांनी काढलेलं असेल, तर उंबरठ्यावर आम्ही दोघं अगदी एका पायरीवर.

पहिल्यांदा राग आला, हे कबूल करते. मग तासाभरानं, भांडी घासताना, बरं वाटायला लागलं. खूप वर्षांत कोणी मला 'तुमचा रिसर्च कशात?' असं न विचारता रांगेत उभं केलं नव्हतं.

लॅबमधली माझी एक मैत्रीण आता अमेरिकेत असते. तिनंही पीएचडीनंतर तिथल्या लॉ स्कूलांना अर्ज केले. तिचा अनुभव ऐकून मला वाटलं होतं की तिकडे तरी डॉक्टरेटला भाव असेल. तर तिकडे एलसॅट नावाची परीक्षा आणि पहिल्या पदवीचे ग्रेड, हेच दोन मोठे आकडे. पीएचडीतले ग्रेड त्या सरासरीत धरतच नाहीत. फरक एवढाच की तिच्याकडून दोन पानांचं निवेदन लिहून घेतलं: कायदाच का, आणि आत्ताच का. तिनं त्याचे नऊ खर्डे केले आणि नऊही मला वाचायला लावले. आपल्याकडे हा प्रश्न फॉर्म विचारत नाही. बाकी सगळे विचारतात. सासूबाई, लिफ्टमधले देशपांडेकाका, ऑफिसातला चहावाला, लेडीज डब्यातली ठाण्याला चढणारी चौथी सीट. "अगं, डॉक्टर झालीस ना, मग आता हे काय नवीन?" देशपांडेकाका मला अजून गुडघ्यावरचं औषध विचारतात, त्यामुळे त्यांचा गोंधळ मी समजू शकते.

खरं उत्तर लांबलचक आहे. ते डब्यात सांगता येत नाही, म्हणून इथे.

काही वर्षांपूर्वी मी एका टेस्टिंग लॅबमध्ये होते. एका कारखानदारानं पिंपांनी सॉल्व्हंट विकत घेतलं होतं. करारात लिहिलेलं, पाण्याचं प्रमाण ०.३० टक्क्यांच्या वर नको. त्याची एक बॅच बिघडली, त्यानं नमुना आमच्याकडे पाठवला. आम्ही कार्ल फिशर पद्धतीनं पाणी मोजलं. आलं ०.३१. रिपोर्टवर आकड्यापुढे, नियमाप्रमाणे, अधिक-उणे ०.०२, विश्वासपातळी ९५ टक्के, असं छापलेलं, आणि खाली माझी सही. कारखानदारानं दावा लावला आणि यथावकाश मला साक्षीला बोलावणं आलं.

दक्षिण मुंबईतलं एक कोर्ट. मी नाव सांगत नाही. पहिल्या दोन तारखांना नुसती बाकावर बसून आले. तिसऱ्या तारखेला उभी राहिले. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराला बोलावणाऱ्या बाजूनंच घेतलेला पहिला तपास, हल्ली तोंडी होत नाही, प्रतिज्ञापत्रावर देतात. ते आमच्या वकिलांनी आधीच करून घेतलं होतं, मी सही केली होती. उरला उलटतपास. मला वाटलेलं, व्हायव्हासारखं, तोंडी परीक्षेसारखं असेल. पीएचडीच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी दीड तास सालटी काढली होती आणि मी टिकले होते. इथे काय होणार?

समोरचे वकील वयानं माझ्याएवढेच, अतिशय नम्र.

"डॉक्टर, तुमच्या रिपोर्टमध्ये हे अधिक-उणे असं चिन्ह दिसतंय. ते काय आहे?"

"मापनातली अनिश्चितता."

"म्हणजे तुम्हाला निश्चित माहीत नाही."

"तसं नाही. प्रत्येक मापनात थोडी..."

"प्रत्येक मापनाचं नंतर बघू. ०.३१ मधून ०.०२ गेले, किती राहिले?"

"०.२९."

"०.२९ हे ०.३० पेक्षा कमी की जास्त?"

चौथीतल्या मुलीला फळ्यापाशी उभं करून विचारावं तसं. "कमी."

"म्हणजे माल करारात बसत असण्याची शक्यता आहे."

"शक्यता आहे, पण..."

"हो की नाही, मॅडम?"

डॉक्टरवरून मॅडमवर मी कधी उतरले ते माझ्या लक्षातही आलं नाही. "हो," मी म्हटलं.

जजसाहेबांनी स्टेनोकडे मान वळवली आणि सावकाश सांगितलं, "इट इज ट्रू दॅट देअर इज अ पॉसिबिलिटी..." कीबोर्डच्या कळा टकटक वाजल्या. माझा 'पण' त्यात कुठेही नव्हता.

नमुना कधी उघडला? जुलैत. जुलैत मुंबईची हवा दमट असते? असते. हे सॉल्व्हंट हवेतलं पाणी ओढून घेतं? घेतं. मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. आता, तो नमुना आम्ही हवेत उघडलाच नव्हता. बाटलीचं रबरी बूच न काढता कोरड्या सिरिंजनं टोचून काढला होता. पहिल्या वर्षाच्या ट्रेनीलाही ते माहीत असतं. पण तसं कोणी विचारलं नाही आणि न विचारलेलं सांगायला मला जागा नव्हती. वकिलांनी मान लववून आभार मानले. मी आशेनं आमच्या वकिलांकडे बघितलं. उलटतपासात जे वाकडं झालं ते सरळ करायला फेरतपास असतो, एवढं मी आदल्या रात्री गूगल करून ठेवलं होतं. आमचे वकील अर्धवट उठले, "नो री-एक्झामिनेशन" म्हणाले आणि बसले.

सीएसएमटीहून स्लो लोकल पकडली. खिडकी मिळाली. मशीदला गाडी थांबली तेव्हा फोनवरचं कॅल्क्युलेटर काढलं. ९५ टक्क्यांना अधिक-उणे ०.०२ म्हणजे साधारण दोन पायऱ्या, म्हणून एक पायरी (पुस्तकी नाव प्रमाण विचलन) साधारण ०.०१ ची. करारातली रेषा ०.३० ला, आमचा आकडा तिच्यापासून एक पायरी वर. घंटेच्या आकाराच्या त्या वक्रात एक पायरी खाली सरकलं की त्याच्या पलीकडे शंभरातले सोळा उरतात. म्हणजे पाणी मर्यादेपेक्षा जास्त असण्याची शक्यता शंभरात चौऱ्याऐंशी. आणि ०.२९ किंवा त्याहून कमी असण्याची? शंभरात दोनेक. (संख्याशास्त्रवाले इथे हात वर करतील. करू देत. विद्याविहारपर्यंत एवढंच जमलं.) मला शंभरातल्या दोघांबद्दल विचारलं गेलं आणि मी प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं. त्या चौऱ्याऐंशींबद्दल अख्ख्या कोर्टात एकानंही प्रश्न काढला नाही. समोरच्यांना काढायचा नव्हता, त्यांचं कामच ते. आमच्या बाजूला तो कसा काढायचा हे ठाऊक नव्हतं.

दावा पुढे आपसात मिटला. त्यामुळे ०.३१ म्हणजे ०.३१ होते की नव्हते, यावर कुठल्याच न्यायालयाची मोहोर नाही. मी नोकरीही बदलली. पण तो 'पण' घशात राहिला.

साक्ष झाली त्याच आठवड्यात फोर्टातल्या कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानातून पुरावा कायद्याची एक पातळ प्रत आणली. तेव्हा अजून १८७२ चाच कायदा चालू होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण मी ज्या वाक्याबद्दल सांगणार आहे ते जवळजवळ जसंच्या तसं नव्यातही आहे. 'शाबीत' कशाला म्हणायचं याची व्याख्या. समोर आलेल्या गोष्टी बघून न्यायालयाला एक तर ती गोष्ट आहेच असं वाटलं पाहिजे, किंवा ती असणं इतकं संभवनीय वाटलं पाहिजे की एखाद्या सुज्ञ माणसानं त्या परिस्थितीत ती आहे असं धरून चालावं.

मी हे वाक्य ओट्याशी उभी राहून वाचलं आणि गॅस बंद करून पुन्हा वाचलं. धरून चालावं! 'आहे' असं नाही, 'धरून चालावं'. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी अनिश्चितता थेट कायद्याच्या पायात चिणून ठेवली होती आणि आम्ही प्रयोगशाळेतले लोक समजत होतो की अधिक-उणे ही आमची खासगी इस्टेट आहे. पुढे तर आणखी गंमत. शाबीत आणि नाशाबीत यांच्याशिवाय तिसराही प्रकार आहे: ना हे, ना ते, नुसतं शाबीत न झालेलं. पुरावा नाही म्हणजे गोष्ट खोटी ठरली असं नव्हे, हे मी कॉलेजात तीन वर्षं मुलांना सांगून थकले होते. ते तिथे तीन ओळींत लिहिलेलं.

आणि दिवाणी दाव्यात माप कुठलं? फौजदारीतलं संशयातीत वगैरे नाही. शक्यतांचं पारडं जिकडे झुकेल तिकडे. म्हणजे त्या सुज्ञ माणसाच्या तागडीत माझे चौऱ्याऐंशी आणि समोरचे सोळा टाकले असते, तर पारडं बघायला चष्माही लागला नसता. अर्थात कोर्ट असं आकडे घेऊन बसत नाही, एवढं आता कळतं. पण तागडीत काय टाकायचं ते कोणीतरी हातात आणून द्यावं लागतं.

एक फरक मात्र मला अजून पुरता पचलेला नाही. आमच्याकडचा कुठलाही प्रबंध उघडा, शेवटच्या पानावर 'या विषयात अधिक संशोधनाची गरज आहे' असं असतंच. माझ्याही आहे. ते सभ्य वाक्य आहे, पळवाटही आहे. न्यायाधीशाला ते लिहिता येत नाही. तारखा पडतात, वर्षं जातात, ते सगळं खरं, पण एक दिवस त्याला अपुऱ्या माहितीवरच निकाल द्यावा लागतो.

तसं कायद्याशी पहिलं भांडण त्याही आधीचं. १ एप्रिल २०१३. मी पीएचडीच्या चौथ्या वर्षाला. माझा विषय बहुरूपता, म्हणजे रेणू तोच, पण स्फटिकात त्याची मांडणी निराळी. पुस्तकी वाटेल, पण उन्हात वितळून पुन्हा फ्रिजमध्ये घट्ट झालेलं चॉकलेट पांढुरकं आणि भुसभुशीत का लागतं, त्याचं उत्तर हेच: कोको बटरचे स्फटिक दुसऱ्या घडीनं बसलेले असतात. तर त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठानं नोव्हार्टिसचा निकाल दिला. रक्ताच्या कर्करोगावरचं औषध, इमॅटिनिब मेसिलेट, त्याचा बीटा स्फटिक. कंपनीला त्याचं पेटंट हवं होतं. पेटंट कायद्याचं कलम ३(ड) म्हणतं, माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप चालणार नाही, परिणामकारकता वाढलेली दाखवा.

लॅबमध्ये सगळी कामं सोडून आम्ही तो निकाल वाचत बसलो. बीटा रूप चांगलं वाहतं, जास्त टिकाऊ आहे, ओलावा कमी धरतं. आमच्या भाषेत हे सगळं 'चांगलं' होतं, अशाच गोष्टींवर आमचे पेपर निघत. न्यायालयानं एक शब्द उचलला आणि विचारलं, औषधाची परिणामकारकता म्हणजे काय? रोग्याला बरं करण्याची. मग ओलावा कमी धरणं हा गुण असेल, पण तो ह्या रकान्यातला नव्हे. शरीरात तीस टक्के जास्त शोषलं जातं, हेही नुसतं सांगून भागत नाही. गाइड वैतागले. त्यांचं म्हणणं, यांना केमिस्ट्री कळलेली नाही. मला वाटत होतं की कळली आहे, त्यांनी फक्त आमच्यापेक्षा वेगळा प्रश्न विचारला. तसं मी बोलले नाही. चौथ्या वर्षाला गाइडशी वाद घालत नाहीत.

म्हणून आता ज्याला त्याला वाटतं की मी पेटंटमध्ये जाणार. "पीएचडी अधिक एलएलबी, तुला तर सोन्याचा भाव," असं माझा भाऊ म्हणतो. त्याला मी दरवेळी सांगते की पेटंट एजंट व्हायला एलएलबी लागतच नाही. विज्ञानाची किंवा इंजिनिअरिंगची पदवी असली की पेटंट ऑफिसची परीक्षा देता येते, तेवढ्यावर अर्ज लिहिता येतात, पेटंट द्यायचं की नाही ते ठरवणाऱ्या कंट्रोलरपुढे उभं राहता येतं. अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात असे कितीतरी केमिस्ट्रीवाले दिसतील. पण कंट्रोलरनं नाही म्हटलं, की २०२१ मध्ये पेटंटची अपिलं ऐकणारं न्यायाधिकरण बंद झाल्यापासून रस्ता थेट हायकोर्टात जातो आणि तिथे बाजू मांडायला वकीलच लागतो. हे ऐकून भाऊ म्हणतो, "मग तेच तर म्हणतोय मी." त्याच्याशी कोणी जिंकत नाही. सोन्याचा भाव मिळाला तर मी नको म्हणणार नाही. पण मला डोळ्यांपुढे दिसतं ते वेगळंच: साक्षीला उभी असलेली कुणीतरी घाबरलेली ॲनालिस्ट, आणि तिला फेरतपासात 'बाटलीचं बूच काढलं होतं का?' असं विचारायला उठलेली मी.

अभ्यास मात्र भाचीनं घेतला. ती एकोणीस वर्षांची, बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला दुसऱ्या वर्षात. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर. इंग्रजी आणि तर्कावरचे प्रश्न जमत होते, चालू घडामोडींत नापास होते (कोणाला कुठला क्रीडा पुरस्कार मिळाला हे मला कधीच माहीत नसतं), आणि कायद्याच्या कलचाचणीत रोज भांडणं.

तत्त्व: दुसऱ्याच्या जागेत परवानगीशिवाय शिरणं म्हणजे अतिक्रमण. घटना: 'क्ष'चा चेंडू 'य'च्या गच्चीत गेला, तो आणायला 'क्ष' गच्चीत गेला.

"गच्ची 'य'ची कशी असेल? गच्ची सोसायटीची असते."

"मावशी, 'य'ची दिलीय."

"आणि चेंडू परत घ्यायला जाण्याचा काहीतरी हक्क असेलच ना? कुठे तरी अपवाद..."

"मावशी, तत्त्वाशी भांडायचं नाही गं. तत्त्व दिलंय तेवढंच खरं. 'ब' दाब आणि पुढे चल, चाळीस सेकंद गेली."

पाच वर्षं पैसे खर्चून मला दिलेल्या तत्त्वाशी भांडायलाच शिकवलं होतं. दुसरं दुखणं अंदाजाचं. ह्या परीक्षेत चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही, हा भाचीचा पहिला धडा. मला येत नसलेल्या उत्तरावर क्लिक करताना हात अक्षरशः अडायचा. पवईच्या एका संगणक केंद्रात, मेच्या उकाड्यात, एसीच्या थंडीत, शेवटच्या चार मिनिटांत मी अकरा उत्तरं डोळे मिटून ठोकली. आयुष्यात केलेलं सगळ्यात अशास्त्रीय काम. माझ्या पुढच्या रांगेत एक साठीचे गृहस्थ होते, बहुधा नुकतेच निवृत्त झालेले. बाहेर पडताना म्हणाले, "आमच्या वेळी बँकेत राहून संध्याकाळी एलएलबी करायचे सगळे. माझं राहून गेलं." वयाची अट बार कौन्सिलनं मध्यंतरी घातली होती, तीन वर्षांच्या कोर्सला तीस. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये तिला स्थगिती दिली, म्हणून ते गृहस्थ आणि मी, एक्केचाळीस, दोघंही तिथे होतो.

पर्याय भरताना पहिलं नाव गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचं टाकलं. मिळणार नाही हे मार्क बघून कळत होतं, पण टाकायला पैसे पडत नाहीत. चर्चगेटला उतरून एकदा इमारत बघूनही आले. १८५५ सालचं कॉलेज, मुंबई विद्यापीठाहून दोन वर्षांनी थोरलं. १९३५ मध्ये डॉ. आंबेडकर तिथे प्राचार्य झाले. डॉक्टरेट आणि वकिली हे दोन शब्द एकत्र आले की आपल्याकडे हे एकच नाव निघतं, आणि ते निघालं की बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं. मी गप्पच आहे. पण फाटकापाशी उभी राहून सनावळी मनात लावली. लंडनच्या ग्रेज इनमध्ये, बॅरिस्टरांच्या संस्थेत, नाव घातलं १९१६ ला. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्ती संपली म्हणून परत यावं लागलं. १९२० ला पुन्हा लंडन, १९२२ ला बॅरिस्टर, १९२३ ला तिथली डीएस्सी, त्याच वर्षी मुंबईत वकिली सुरू. कोलंबियाची पीएचडी रीतसर हातात पडली ती १९२७ ला. आधी डॉक्टरेट, मग कायदा, अशा दोन वेगळ्या पेट्या तिथे नव्हत्याच. दोन्ही एकदम, पैसे नसताना, बोटीच्या प्रवासांच्या मधे. आणि मी मुलुंड-फोर्ट प्रवासाचं रडगाणं गात होते.

नोकरीचं गणित नवऱ्यानं मांडलं. शिकताना नोकरी कशीबशी जमेल, हजेरी सत्तर टक्के लागते. पण सनद घेऊन वकिली करायची तर पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत तसं स्पष्ट आहे. म्हणजे चव्वेचाळिसाव्या वर्षी पगार सोडून कोणाच्या तरी चेंबरमध्ये ज्युनिअर. नवरा थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ईएमआय तोवर एकच वर्ष राहील. बघू." आमच्या घरात 'बघू' म्हणजे हो.

दुसऱ्या फेरीत उपनगरातलं एक कॉलेज लागलं. कागदपत्रं घेऊन खिडकीशी गेले. आतल्या बाईंनी यादीवर पेन फिरवलं आणि थांबल्या.

"गॅप सर्टिफिकेट?"

"गॅप नाहीये माझा."

"शेवटची परीक्षा कधी?"

"पीएचडी. २०१४."

"ते नाही हो. पात्रता परीक्षा. बीएस्सी २००४. मग २००४ ते २०२५ गॅप." त्यांनी बोटांवर मोजलंसुद्धा नाही. "ॲफिडेव्हिट करून आणा. नोटरी करून."

कोर्टाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात एक काका टायपिंग करतात. लॅपटॉप, त्याला जोडलेला जुना कीबोर्ड, कळांवरची अक्षरं पुसलेली. 'गॅप' म्हटल्याबरोबर फाइल उघडली, माझं नाव घातलं, दोन सालं घातली, प्रिंट काढली. अर्धं मिनिट. "इथे सही."

मी वाचायला लागले. साक्षीच्या त्या दिवसापासून मी सगळं वाचते, सोसायटीची नोटीससुद्धा. तिसऱ्या परिच्छेदात होतं: सदर कालावधीत मी कोणत्याही महाविद्यालयात अथवा विद्यापीठात प्रवेश घेतलेला नाही.

"काका, हे खोटं आहे."

"काय?"

"ह्या काळात मी एमएस्सी केलं. पीएचडी केलं. विद्यापीठातच होते."

"मॅडम, तो फॉरमॅट आहे."

"पण मी शपथेवर सांगतेय ना हे."

"सगळे तेच सांगतात." काकांच्या आवाजात वैताग नव्हता, नुसती माहिती होती. "वीस वर्षं हाच फॉरमॅट आहे. कुठल्या कॉलेजनं परत पाठवलेला नाही."

माझ्यामागे दोन माणसं भाडेकराराचे कागद घेऊन उभी होती. मी म्हटलं, मी सांगते तसं टाइप करा, जास्तीचे पैसे देते. काकांनी तिसरा परिच्छेद निवडला, पुसला, आणि बोटं कळांवर ठेवून माझ्याकडे बघितलं. मी सांगत गेले. २००४ ते २००६ एमएस्सी. २००६ ते २००९ नोकरी, कॉलेजात शिकवत होते. २००९ ते २०१४ पीएचडी. त्यानंतर आजपर्यंत नोकरी, प्रयोगशाळेत. याव्यतिरिक्त अन्य कोणत्याही अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेला नाही.

काकांनी सगळं टाइप केलं आणि चष्मा वर करून एकदा सलग वाचलं. ओठ हलत होते. मग माझ्याकडे वळले.

"मग ह्यात गॅप कुठाय?"

"नाहीच आहे."

"मग सर्टिफिकेट कसलं करताय?"

"त्यांनी मागितलंय."

त्यावर त्यांचं समाधान झालेलं दिसलं. मथळा 'गॅप सर्टिफिकेट' तसाच ठेवला. प्रिंटमध्ये २०१४ चं २०४१ झालेलं निघालं. दुसरी प्रिंट काढू का म्हणाले, मग स्वतःच "राहू दे, कागद जातो" म्हणून पेनानं खोडून दुरुस्त केलं आणि खाडाखोडीपाशी माझी छोटी सही घेतली. शेजारच्या टेबलावरच्या नोटरीनं रजिस्टर पुढे सरकवलं, आधार बघितलं, शिक्के मारले. वाचलं नाही.

"दोन पानं झाली, पन्नास जास्त," काका म्हणाले. मी पैसे मोजत होते तेव्हा स्क्रीनवर चौकोन आला होता, फाइल सेव्ह करायची का. काकांचं बोट क्षणभर 'नो'पाशी थांबलं. "असं पुन्हा कोण येतंय म्हणा," ते स्वतःशीच बोलले, आणि नावाच्या जागी दोन बोटांनी टाइप केलं: गॅप नाही. मग मागच्या भाडेकरारवाल्याला म्हणाले, "हां, बोला."